वर्ग एक, पातळ्या चार: बहुवर्ग शिक्षकांनो, तुमचे अनुभव लिहा

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत प्रत्येकाकडे किमान दोन इयत्ता आल्याच. त्यातही एकाच इयत्तेत कुणी गोष्ट वाचतं, कुणी अक्षरावर अडलेलं. सगळ्यांना गुंतवून ठेवणारा पाठ कसा बसवता?

*जव्हारकडच्या बाई*
माझा हमखास पाठ म्हणजे बाजार. वर्गात दुकान मांडायचं: चिंचोके, वाल, खोट्या नोटा, एक खराखुरा तराजू. पहिलीची मुलं मोजून देतात, दुसरीची दहाच्या नोटांत पैसे देतात, तिसरी सुट्टे परत करते, चौथीकडे पाव-अर्धा किलोचा हिशेब. तिसरीतल्या एकाला वहीत हातच्याची वजाबाकी जमत नव्हती. दुकानात मात्र ३७ रुपयांच्या मालावर ५० ची नोट आली, तर पठ्ठ्या म्हणतो, "सदतीसला तीन घातले की चाळीस, वर दहा. घ्या तेरा." मग तीच रीत फळ्यावर त्यालाच मांडायला लावली. तराजूवरून भांडणं होतात, ती होऊ द्यायची.

*धडगावचे गुरुजी*
आमच्याकडे पहिलीला येणारी बरीच मुलं घरी पावरी बोलतात. पाठ्यपुस्तकाआधी त्यांनाच काल काय झालं ते सांगायला लावतो, त्यांच्या बोलीत. त्यातलं एक वाक्य बोलीत आणि मराठीत फळ्यावर. वाचता येणारे दोन्ही वाचतात, बाकीचे आपल्या नावातलं अक्षर त्यात हुडकतात.

*साताऱ्याच्या मॅडम*
अक्षर गट, शब्द गट, परिच्छेद गट हे ठीक, पण गट कायमचे नकोत. नावं आंबा-जांभूळ ठेवली तरी 'ढ' कोण ते पोरांना बरोब्बर कळतं. मी भाषेचे गट गणिताला मोडते. वाचनात मागे असलेली मुलगी भौमितिक आकारांत सगळ्यांच्या पुढे निघते!

*एक त्रस्त*
निपुण भारत या केंद्राच्या अभियानाला तिसरीअखेर वाचन-गणन हवं, मान्य. पण "माहिती तातडीने पाठवा" हा मेसेज तासाच्या मध्येच येतो, त्याचं काय?

*नवीन रुजू*
चौथीतल्या दोघी दहा मिनिटांत सगळं संपवतात. पुढे काय देऊ?

*जव्हारकडच्या बाई*
त्यांना दुसरीसाठी शाब्दिक उदाहरणं रचायला सांगा. अट एकच: उत्तर आधी स्वतः काढायचं. आमच्याकडच्या एकीने पाच माणसांत तीन कोंबड्या वाटायला काढल्या होत्या. दुसरीवाले म्हणाले, रस्सा करा.