जुनं ‘अमेरिकन टॉप ४०’ परत लावायचं तर पहिला तास कापू नका

तबकडीवाला

अमेरिकेत बरीच रेडिओ स्टेशनं शनिवार-रविवारी निवेदक केसी केसमचे जुने ‘अमेरिकन टॉप ४०’ पुन्हा लावतात, म्हणजे त्या आठवड्याची चाळीस लोकप्रिय गाणी ४० व्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत लावणारा कार्यक्रम. भाग त्याच आठवड्याचा निवडतात, म्हणजे आत्ता जूनचा दुसरा आठवडा असेल तर १९७६ च्या किंवा १९८४ च्या जूनचा दुसरा आठवडा. वाटप प्रीमियर नेटवर्क्सकडून होतं. इथपर्यंत सगळं उत्तम. पण ८० च्या दशकाचे भाग स्टेशनांना दोन मापांत मिळतात: पूर्ण चार तास, किंवा पहिला तास वगळून तीन तास. तीन तासांचं माप लावून त्याला ‘टॉप ४०’ म्हणणं मला मान्य नाही.

कार्यक्रम चार तासांचा का झाला ते आधी बघा. ४ जुलै १९७० च्या शनिवार-रविवारी सुरुवात झाली तेव्हा तो तीन तासांचा होता, म्हणजे १८० मिनिटं. गाणं साधारण तीन मिनिटांचं, चाळीस गाण्यांची १२० मिनिटं. उरलेल्या साठात केसीचं बोलणं, जिंगल्स आणि जाहिराती. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे गाणं चार मिनिटांवर गेलं. चाळीस चोक एकशे साठ, उरली वीस. मग गाण्यांचं एखादं कडवं, मधला वाद्यांचा तुकडा, शेवटचं ध्रुवपद असं काहीबाही कापत बसावं लागायचं. त्यावर उपाय म्हणून ऑक्टोबर १९७८ मध्ये चौथा तास आला. जो तास गाणी कापायला लागू नयेत म्हणून वाढवला, तोच आज आपण कापतोय.

आणि जातं काय? ४० पासून साधारण ३० पर्यंतचे क्रमांक. नवी गाणी तिथूनच आत येतात. आज ३८ वर आलेलं गाणं दहा आठवड्यांनी पहिलं असतं, आणि त्या दिवशी ते कोणालाच ठाऊक नसतं. यादीतली खरी हालचाल तळाशी असते. वरची पाच गाणी कित्येकदा महिनाभर तिथल्या तिथेच खो-खो खेळत असतात.

स्टुडिओकाठी

गणित बरोबर, निष्कर्ष चूक. स्टेशनच्या बाजूनं बघा. शनिवारी सकाळी ७ ते १० सत्तरच्या दशकाचा भाग, १० ते १ ऐंशीचा, आणि १ वाजता गावातल्या कॉलेजचा सामना थेट. चार तास बसवायचे कुठे? सामना थांबत नाही.

दुसरं, हा कार्यक्रम तेव्हा स्टेशनांना तबकड्यांवर जायचा. त्या मूळ तबकड्यांवर स्थानिक जाहिरातींसाठी सोडलेल्या जागा त्या काळच्या हिशोबाच्या आहेत. आज तासाला त्याहून जास्त मिनिटं लागतात. ती आणायची कुठून? एक तर प्रत्येक तासातून थोडं थोडं खरवडायचं, म्हणजे केसीची एखादी गोष्ट उडवायची, दोन गाणी अर्ध्यावर विरवायची. नाहीतर सगळा आवाज सॉफ्टवेअरनं दाबून वेगानं सोडायचा. पट्टी न बदलता ३ टक्के वेग वाढवला तर तासाला जेमतेम १ मिनिट ४५ सेकंद सुटतात, आणि झांजा पाण्यातून वाजल्यासारख्या येतात. या दोन्हींपेक्षा तासाच्या हद्दीवर स्वच्छ काप घेणं शंभर पटीनं बरं. निदान उरलेले तीन तास अखंड राहतात.

आणि तळाच्या दहातली निम्मी गाणी पुढे कधीच वर गेली नाहीत. गाडीत बसून वीस मिनिटं ऐकणाऱ्याला ओळखीचं काहीतरी लागतं. तीन अनोळखी गाणी सलग लागली की तो स्टेशन बदलतो.

तबकडीवाला

खरवडण्यापेक्षा काप बरा, हे मान्य. पण काप ‘स्वच्छ’ नसतो. केसीची पद्धत आठवा: जाहिरातीआधी कोडं टाकायचं, की पुढच्या गाण्याच्या गायिकेबद्दल अमुक एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, आणि जाहिरातीनंतर ते सोडवायचं. तासाच्या शेवटीही हेच. पहिला तास उडवला की दुसऱ्या तासाच्या तोंडाशी उत्तर येतं, प्रश्न नसतोच. मग ते उत्तरही कापायचं का? आणि तळाची गाणी पुढे वर गेली नाहीत हे आपल्याला आज कळतं. त्या शनिवारी ती धावतच होती. आज सुवर्णगीतांच्या स्टेशनांवर रोज तीच तीनशे गाणी फिरतात. विसरलेलं गाणं कानावर पडायची ही एकच जागा उरली आहे.

वेळ नसेल तर सुरुवातीला सरळ सांगा, “आज ३० व्या क्रमांकापासून.” एवढं तरी करता येईल.

स्टुडिओकाठी

सुरुवातीला सांगायची सूचना चांगली आहे. दहा सेकंदांचं काम आहे, करायलाच हवं. बाकी मत तेच.

एडिसनकर

तासांवर भांडताना आवाजाकडे दुर्लक्ष होतंय. हे कार्यक्रम स्टेशनांना एलपीवर जायचे. एका तासाला एक तबकडी, एका बाजूला अर्ध्या तासाचा भाग, सोबत क्यू शीट: कुठला तुकडा किती मिनिटांचा, कुठल्या शब्दांवर संपतो. तीन तासांच्या संचात तीन तबकड्या, चार तासांच्या संचात चार.

अशा तबकडीची पहिली जखम नेहमी एकाच जागी सापडते, प्रत्येक बाजूच्या पहिल्या सेकंदा-दोन सेकंदांत. स्टेशनवरचा निवेदक सुई आवाजाच्या सुरुवातीवर ठेवायचा, मग तबकडी हातानं पाव फेरा मागे फिरवायचा, म्हणजे मोटर सुरू झाल्यावर वेग येईपर्यंत आवाज बरोबर तोंडाशी येतो. मागे-पुढे घासून ती खाच जळते. म्हणून बाजू सुरू होताना ‘श्श’ असा झोत येतो आणि मग एकदम स्वच्छ होतं. दुसरी जखम बाजूच्या शेवटी, आतल्या खाचांत. तिथे ‘स’ आणि ‘श’ फाटतात.

यावर काही लोक गाणीच काढून टाकतात आणि सीडीवरची स्वच्छ गाणी बसवतात. माझा विरोध याला आहे. त्या काळी स्टेशनवर वाजलं ते ४५ आरपीएमच्या सिंगलचं, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीचं, मिश्रण होतं. कधी मोनो, कधी अल्बमपेक्षा मिनिटभर आखूड, कधी शेवट वेगळा. सीडीवर बहुतेक वेळा अल्बमचं रूप मिळतं. ते बसवलं की केसी ज्या विरत्या सुरावर बोलायला लागतो तो सूर तिथे नसतोच, तिथे चौथं कडवं चालू असतं.

पिचकंट्रोल

सिंगलचं रूप शोधून बसवलं तर? तेही सीडीवर मिळतं, संग्रह नीट निवडावे लागतात. गाणं बदलणं हा गुन्हा नाही, आळशीपणानं बदलणं हा गुन्हा आहे.

नीट करायचं तर असं. केसी गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलतो आणि गायक तोंड उघडायच्या अर्धा क्षण आधी थांबतो. तेवढा भाग मूळ तबकडीवरचाच ठेवावा लागतो, कारण आवाज आणि संगीत एकत्र मुरलेले आहेत, वेगळे करायला गेलं की आवाजाला पत्र्याचा नाद येतो. सांधा घ्यायचा तो केसीचं शेवटचं अक्षर संपल्यावरच्या पहिल्या ठोक्यावर, शक्यतो ड्रमच्या जोरकस आघातावर, २० ते ३० मिलिसेकंदांच्या आडव्या विरण्यानं (क्रॉसफेड: एक आवाज विरतो तसा दुसरा चढतो). त्याआधी वेग जुळवायचा. तबकडी अर्धा टक्का पुढे-मागे असतेच. ३ मिनिटं २० सेकंदांच्या गाण्यात अर्धा टक्का म्हणजे पूर्ण एक सेकंद. सुरुवातीचा सांधा बेमालूम होतो आणि शेवटी केसी एक सेकंद लवकर बोलायला लागतो. लोक इथेच फसतात आणि मग केसीचं बोलणं सरकवतात. सरकवायचं ते गाणं, केसी नव्हे.

आणि सीडीचा झगमगाट तबकडीच्या आवाजाशेजारी उठून दिसतो. दहा किलोहर्ट्झच्या वर दोन-तीन डेसिबल उतरवलं की शेजारी शोभतं.

एडिसनकर

इतकी मेहनत घेऊन जे मिळतं ते ‘१९७६ सालचा कार्यक्रम’ राहत नाही. जळलेल्या खाचेवरचा माझा उपाय साधा आहे: त्याच आठवड्याचा दुसऱ्या स्टेशनचा संच मिळवा. तबकड्या अनेक स्टेशनांना गेल्या होत्या, आणि प्रत्येक निवेदकानं प्रत्येक बाजू सारखीच घासलेली नसते. पहिले दोन सेकंद दुसऱ्या प्रतीतून घ्या, बाकी हात लावू नका.

साफसफाईचा क्रमही महत्त्वाचा. तबकडी आधी ओली धुवा. नंतर सुई निवडा: थोडी बारीक किंवा रुंद सुई खाचेच्या न झिजलेल्या उंचीवर टेकते आणि निम्मी खरखर तिथेच जाते. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवा. आधी टकटक काढायची, मग ६० हर्ट्झची गुणगुण, खरखर सगळ्यात शेवटी. उलट केलं तर खरखर काढताना टकटकीच्या कडा पसरतात आणि नंतर सॉफ्टवेअरला ती सापडतच नाही. खरखर चार-पाच डेसिबलहून जास्त उतरवली की केसीच्या श्वासाची चाहूल जाते आणि तो बंद खोलीतून बोलल्यासारखा वाटतो.

बुधवार_रात्री_आठ

तुम्हा सगळ्यांकडे वाद घालायला तबकड्या तरी आहेत. आपल्या गीतमालेचं काय? ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, १९५४ च्या अखेरीपासून तिच्यात पायदानांची, म्हणजे क्रमांकांची, उतरंड आली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. स्टेशनोस्टेशनी वाटलेल्या छापील तबकड्या नव्हत्या. सुरुवातीच्या वर्षांचं मूळ ध्वनिमुद्रण हाती फारच थोडं आहे. लघुलहरींवरून घरच्या टेपरेकॉर्डरवर धरलेले तुकडे मिळतात, पण त्यात आवाज दर मिनिटाला बुडतो आणि वर येतो. तो दोष टेपचा नव्हे, वातावरणाच्या वरच्या थरातून येणाऱ्या लहरींचा, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर तो पुरता भरून काढत नाही. बुडालेल्या जागी आवाज वाढवला की फक्त खरखर वाढते.

म्हणून अमीन सायानींनी ‘गीतमाला की छाँव में’मध्ये स्वतः पुन्हा निवेदन केलं, सारेगमानं ते काढलं, ते मला शंभर टक्के योग्य वाटतं. गाणी स्वच्छ, आवाज त्यांचाच. पुनःप्रसारण म्हणजे मूळ टेपच, हा हट्ट धरला असता तर आपल्या हाती काहीच राहिलं नसतं.

तबकडीवाला

सायानींच्या त्या कामाबद्दल आदरच आहे, त्यांनी ते केलं नसतं तर केवढी तरी माहिती २०२४ मध्ये त्यांच्याबरोबर गेली असती. पण त्याला पुनःप्रसारण म्हणता येणार नाही. त्या आठवणी आहेत. निवेदकाला पुढचं सगळं माहीत आहे: कुठलं गाणं अजरामर झालं, कुठला संगीतकार पुढे काय करणार. बुधवारी रात्री आठ वाजता बिगुल वाजायचा तेव्हा वरच्या पायदानावर काय येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसायचं, आणि बोलणाऱ्याच्या आवाजातही तोच ताण असायचा. तो ताण पन्नास वर्षांनी परत आणता येत नाही.

बीबीसी रेडिओ २ वरचं ‘पिक ऑफ द पॉप्स’ही याच जातीचं. दोन जुन्या वर्षांच्या याद्या, आजचा निवेदक, दोन तास. माहिती चोख असते, पण यादीतली सगळी गाणी वाजत नाहीत, काही नुसती वाचली जातात. ऐकायला छान, पण तो इतिहासाचा तास आहे. १९७६ चा शनिवार नव्हे.

बुधवार_रात्री_आठ

ताणाचा मुद्दा पटला. तरी ‘छाँव में’ला नुसत्या आठवणी म्हणणं मला जड जातं. पायदानांचा हिशोब, वर्षाच्या याद्या, श्रोता संघांची पत्रं, दुकानांतली रेकॉर्डची विक्री, हे सगळं ज्या माणसानं स्वतः जुळवलं त्याचं ते निवेदन आहे. नव्या निवेदकानं वाचलेल्या यादीच्या पंगतीत त्याला बसवू नका.

तबकडीवाला

बरोबर. ती पंगत वेगळी, मागे घेतो.

कलम_११४

चार तास स्टेशनवर बसत नसतील तर पूर्ण भाग पॉडकास्ट म्हणून टाका, असं कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहितो. अमेरिकेत साध्या एएम-एफएमला ध्वनिमुद्रणाचे पैसे रेकॉर्ड कंपन्यांना द्यावे लागत नाहीत, फक्त गीतकार-संगीतकारांचे द्यावे लागतात. इंटरनेटवर दोन्ही द्यावे लागतात आणि त्यासाठीचा सरसकट परवाना अटींवर मिळतो. पाच तासांपेक्षा लहान कार्यक्रम साठवून ‘हवा तेव्हा ऐका’ असा ठेवता येत नाही. पाच किंवा जास्त तासांचा असेल तर जास्तीत जास्त दोन आठवडे. चार तासांचा टॉप ४० नेमका या अटीत अडकतो. शिवाय तीन तासांत एकाच अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी चालत नाहीत, सलग तर दोनच. १९७८ च्या वसंतात एकाच चित्रपटाच्या अल्बममधली गाणी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर बसलेली होती, तेव्हा अशा आठवड्यात हाही हिशोब करावा लागतो.

ही बंधनं टाळायची तर चाळीस गाण्यांसाठी त्या त्या कंपनीची थेट परवानगी हवी. म्हणून जुने भाग चालू प्रवाहात भेटतात, मागे-पुढे करता येत नाहीत. पूर्ण चार तास हवे असतील तर आयहार्ट या इंटरनेट रेडिओवरची ‘क्लासिक अमेरिकन टॉप ४०’ वाहिनी लावा आणि वेळ साधा.

निवांत_श्रोता

एडिसनकर, दोन प्रतींतून सेकंद उचलायचे म्हणता, पण दोन प्रती दोन टर्नटेबलांवर उतरवलेल्या असतील तर वेगाचा फरक मोजायचा कसा? कानाला अर्धा टक्का कळत नाही.

एडिसनकर

कानानं मोजायचंच नाही. एकाच बाजूवर दोन ठळक खुणा धरा, पहिल्या जिंगलचा पहिला ठोका आणि शेवटच्या गाण्यातला एखादा आघात. समजा एका प्रतीत अंतर २४ मिनिटं ० सेकंद, म्हणजे १४४० सेकंद, आणि दुसरीत २३ मिनिटं ५३ सेकंद, म्हणजे १४३३. भागाकार १.००४९. दुसरी प्रत ०.४९ टक्के जास्त वेगानं उतरली आहे, ती तेवढीच ताणा. ताणताना पट्टीही सोबत बदलू द्या, पट्टी कायम ठेवायचा पर्याय बंद ठेवा, कारण टर्नटेबलचा वेग चुकला की पट्टीही चुकलेली असते. मग सुरुवातीचा ठोका एकावर एक ठेवा, एका प्रतीची कला (फेज) उलटी करा आणि दोन्ही एकत्र ऐका. जुळलं असेल तर केसीचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि फक्त दोन्ही तबकड्यांची खरखर उरते. आवाज स्पष्ट ऐकू येत असेल तर अजून जुळलेलं नाही.