लोंगेवालाचे वैमानिक

1971च्या भारत-पाक युद्धातल्या, राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्याच्या लढाईचं सगळं श्रेय मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या कंपनीला की हवाई दलाला, या वादात मला दोन्हीकडे झुकावंसं वाटतं. 23 पंजाबचे, म्हणजे त्याच कंपनीचे, शंभर-सव्वाशे जवान रात्रभर पाकिस्तानी रणगाड्यांसमोर टिकले नसते, तर 5 डिसेंबर 1971च्या पहाटे विमानांना वाचवायला उरलं काय असतं? जैसलमेरच्या हंटर या लढाऊ विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती. उजाडेपर्यंत ते वैमानिक कसे थांबले असतील! मग आले ते वाळूला घासून जावं इतक्या खाली. रॉकेटं, 30 मिमीच्या तोफा, आणि खालून विमानविरोधी मारा. मेजर आत्मासिंग तर ‘कृषक’ नावाच्या छोट्याशा टेहळणी विमानातून त्यांना लक्ष्य दाखवत होते. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं फार वाईट वाटतं.