आमवाताचा खर्च: योजनेचे कार्ड आहे, तरी पैसा खिशातूनच का जातो?

मांजराकाठ, कळंब
माझ्या वहिनींना रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, आहे. सकाळी तासभर बोटे मिटत नाहीत, कणीक मळता येत नाही. मात्र दुपारपर्यंत हात मोकळे होतात आणि त्यामुळेच आमच्या आईला हे सोंग वाटते. सोयाबीन काढणीला त्यांच्या जागी मजूर लावावा लागतो. औषधे, रक्ततपासण्या आणि लातूरच्या खेपा यांचा खर्च वेगळाच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा येथे काही उपयोग होईल का?

औषधविक्रेता, अंबाजोगाई
फारसा होणार नाही. ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांची मर्यादा मोठी दिसते, पण आमवाताचा रुग्ण क्वचितच दाखल होतो. त्याचा पैसा महिन्यामागून महिना बाह्यरुग्ण विभागाच्या चिठ्ठीवर जातो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, तेव्हा नेहमीच्या रक्ततपासण्या उपजिल्हा रुग्णालयात करून घेता येतील का, हे आधी पाहावे. मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचे जुने आणि तुलनेने स्वस्त औषध आहे. खरा भार जैविक (बायोलॉजिक) इंजेक्शनांचा, म्हणजे नेहमीच्या औषधांनी आजार आटोक्यात येत नसेल तेव्हा द्यायच्या महागड्या इंजेक्शनांचा. ती लागू नयेत म्हणूनही सुरुवातीचे उपचार मध्येच सोडू नयेत.

सांधेदुखी, परभणी
मी स्वतः रुग्ण आहे. पैशांची ओढाताण झाली की लोक लातूरची खेप टाळतात आणि गावातच ‘दोन दिवसांत उतार’ देणारी गोळी घेतात. तीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. देखरेखीशिवाय ते वर्षानुवर्षे घेतले की हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, म्हणजे खर्चाला आणखी दोन वाटा फुटतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचे नाव नाही. चलनवलनाच्या दिव्यांगत्वाखाली प्रमाणपत्र मिळू शकते, पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. औषध घ्यायचे ते सांधे वाकडे होऊ नयेत म्हणून, आणि सवलत मिळणार ती ते वाकडे झाल्यावर! शिवाय मूल हवे असेल तर मेथोट्रेक्सेट गर्भधारणेच्या आधीच, डॉक्टरांना विचारून, बंद करावे लागते. सासरी आजार लपवलेल्या मुलींना हे बोलण्याचीही सोय नसते.

मांजराकाठ, कळंब
आभारी आहे. पुढच्या खेपेला आईलाही डॉक्टरांसमोर बसवतो, आणि रक्ततपासण्यांची चौकशी येथील उपजिल्हा रुग्णालयात उद्याच करतो.