लक्षणं नाहीत म्हणजे मन निरोगी?

नैराश्याच्या चाचणीत गुण कमी आले की मन निरोगीच, मग मनाचं स्वास्थ्य मोजायला वेगळी प्रश्नावली कशाला, हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांची मनाचं स्वास्थ्य मोजणारी १४ प्रश्नांची प्रश्नावली नेमकं तिथे सुटलेलं विचारते: गेल्या महिन्यात आनंद, आपलेपणा, जगण्याला दिशा असल्याची भावना किती वेळा आली? इटलीतल्या प्रौढांवर ती तपासली गेली (निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले), तेव्हा स्वास्थ्याचे भावनिक, सामाजिक आणि मानसिक हे तीन घटक तिथेही वेगळे दिसले.

यातले पाच प्रश्न समाजाशी असलेल्या नात्याचे आहेत आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटतात. समाजात आपल्याला जागाच नाही असं वाटणारा माणूस लक्षणं मोजणाऱ्या चाचणीतून सहज निसटतो. म्हणून नुसती एकूण बेरीज पाहू नका, तिन्ही भागांचे गुण वेगळे काढा.