मदत हवी आहे: प्रवासखर्चाची 'प्रतिपूर्ती' की 'परतावा'?

सायली_लेखनिक: पत्रक संध्याकाळी छापायला जाणार, म्हणून घाईत विचारतेय. प्रवासखर्चाच्या वाक्यात 'प्रतिपूर्ती' बरोबर की 'परतावा'? सहकारी म्हणतो 'भरपाई' लिही. कृपया लवकर सांगा.

हिशेबनीस: वाक्य पूर्ण द्या ना. पैसे कोणाला आणि मुख्य म्हणजे कधी मिळणार?

टाकदौत: प्रतिपूर्तीच. आधी पदरचे घालायचे, पावत्या जोडायच्या, मग मिळते ती प्रतिपूर्ती. वैद्यकीय खर्चाच्या फायली वर्षानुवर्षं हाताळल्या, दुसरा शब्द पाहिला नाही.

आडवाट: फायलीतला शब्द पत्रकात कशाला? 'खर्च परत देऊ' लिहा, कोणालाही कळेल.

टाकदौत: किती परत देणार ते कुठे कळतं त्यात? शिक्षण हक्क कायदा, 2009 बघा. खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांवरच्या मुलांसाठी शाळेला प्रतिपूर्ती मिळते ती सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यांत कमी असेल तेवढीच.

आडवाट: पण ही मर्यादा कायद्याने वेगळी लिहिली म्हणून कळली. 'प्रतिपूर्ती' शब्दातून नाही कळली!

वेलांटी: 'प्रतिपूर्ति' लिहू नका, ते हिंदी. मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ. समासात पहिलं पद असेल तर मात्र ऱ्हस्व: प्रतिपूर्तिदावा.

सायली_लेखनिक: वाक्य असं आहे: 'वक्त्यांना प्रवासखर्चाची ___ करण्यात येईल. रक्कम प्रवासापूर्वी खात्यात जमा होईल.'

हिशेबनीस: अहो, प्रवासापूर्वी मिळणार तर ती प्रतिपूर्ती नव्हेच! ती आगाऊ रक्कम, कार्यालयीन भाषेत अग्रिम. परतावा जादा भरलेल्या कराचा किंवा रद्द केलेल्या तिकिटाचा. परतफेड कर्जाची. भरपाई नुकसानीची, आणि वक्त्यांचं नुकसान कुठे झालंय?

सायली_लेखनिक: हे सांगायचं राहिलं: तिकिटाचे पैसे आधी, तिथल्या रिक्षा-टॅक्सीचे नंतर पावत्या बघून.

हिशेबनीस: मग दोन वाक्यं करा. 'तिकिटाची रक्कम आगाऊ देण्यात येईल. स्थानिक प्रवासखर्चाची प्रतिपूर्ती पावत्या सादर केल्यावर करण्यात येईल.' 'वक्त्यांची प्रतिपूर्ती' असं मात्र कुठे होऊ देऊ नका, प्रतिपूर्ती खर्चाची होते.

आडवाट: दुसऱ्या वाक्यात तरी 'पावत्या दिल्यावर पैसे देऊ' करा. वक्ते काही फाईल उघडून बसणार नाहीत.

सायली_लेखनिक: दोन्ही वाक्यं घेतली, प्रतिपूर्तीसकट. खूप आभार. पण रिक्षावाला पावती देत नाही, तिथे काय लिहू?

टाकदौत: 'पावती नसल्यास स्वयंघोषणापत्र'. त्यात तारीख, कुठून कुठे, रक्कम आणि सही. आमच्याकडे तेवढं चालायचं, तुमच्या लेखा विभागाला मात्र छापण्याआधी विचारून घ्या.