‘जनुकाची अभिव्यक्ती’ आणि ‘जनुकाचे प्रमाण’

प्रश्न : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीच्या एका लेखात ‘कर्करोगपेशींतील विषाणूच्या जनुकांची अभिव्यक्ती मोजली’ असे वाक्य आहे. अभिव्यक्ती हा शब्द आपण भावना आणि विचार यांच्या संदर्भात वापरतो. येथे ‘जनुकांचे प्रमाण’ असे लिहिल्यास अर्थ बदलेल का?

उत्तर : बदलेल, आणि या आजाराच्या बाबतीत तर फारच बदलेल. ‘प्रमाण’ म्हटले की पेशीत जनुकाच्या प्रती किती आहेत एवढेच समजते. ‘अभिव्यक्ती’ म्हणजे त्या जनुकाबरहुकूम पेशी प्रत्यक्षात किती आरएनए (जनुकातील माहितीची कामचलाऊ नक्कल) आणि पुढे किती प्रथिन तयार करते ते. कॅस्की या सेल लाइनच्या (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या कर्करोगपेशींच्या वाणाच्या) पेशींत एचपीव्ही-१६ या विषाणूच्या जनुकसंचाच्या सुमारे ६०० प्रती असतात, तर सिहा या दुसऱ्या सेल लाइनच्या पेशींत अवघ्या १ किंवा २. तरीही दोन्हींत विषाणूची ई६ आणि ई७ ही जनुके व्यक्त होत असतात. पेशीला कर्करोगाकडे नेणारी प्रथिने याच जनुकांची : ई६ मुळे पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश होतो, तर ई७ हे पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करते. विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात शिरताना विषाणूचेच ई२ हे जनुक अनेकदा खंडित होते, आणि ई६-ई७ वरचा लगाम ई२ च्याच हाती असल्यामुळे प्रती न वाढताही अभिव्यक्ती वाढू शकते.

प्रयोगशाळेत बहुधा आरएनएच मोजला जातो, म्हणून ‘आरएनएच्या पातळीवरील अभिव्यक्ती’ हा शब्दप्रयोग मला अधिक काटेकोर वाटतो. आरएनएपासून आधी डीएनए तयार करून मग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती आवर्तनागणिक वाढवणाऱ्या तंत्राने, त्याच्या प्रती वाढवतात. मूळ नमुन्यात विषाणूचा डीएनए शिल्लक राहिला तर त्याच्याही प्रती वाढतात आणि अभिव्यक्तीच्या नावाखाली प्रमाणच मोजले जाते. ६०० प्रती असलेल्या पेशींत हा धोका उघड आहे. त्यासाठी डीएनए नष्ट करणारे विकर वापरतात आणि आरएनएचे डीएनएत रूपांतर न केलेली एक नळी तुलनेसाठी ठेवतात.

प्रश्न : मग ‘अभिव्यक्ती आठपटीने वाढली’ हे बरोबर का?

उत्तर : ‘आठपट झाली’ असे लिहावे. ‘आठपटीने वाढली’ याचा अर्थ काही वाचक नऊपट असाही लावतात. जीएपीडीएचसारख्या संदर्भजनुकाशी (ज्याची अभिव्यक्ती सहसा स्थिर धरली जाते अशा जनुकाशी) मेळ घातल्यावर ई७ चा संकेत तुलनेच्या पेशींपेक्षा पीसीआरची ३ आवर्तने आधी उमटला आणि प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होत असतील, तर फरक आठपट येतो. हा आकडा सापेक्ष असल्यामुळे कोणत्या पेशींच्या तुलनेत आणि कोणते संदर्भजनुक धरून, हे त्याच वाक्यात यायला हवे.