उन्हाळ्यात रात्री ताकभात केला तर तो आळस कसा?

वऱ्हाडची_लेक (नागपूर)
काल इथे पुणेरी_काकांनी लिहिलं : "उन्हाळा असो की हिवाळा, रात्री ताजी पोळी, भाजी, वरण, भात झालाच पाहिजे. ताकभात-तक्कूवर भागवणं हा हल्लीचा आळस. आमची आई चुलीपुढे बसून दहा माणसांचं करायची." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला ते इतकं लागलं की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

काका, आज इथे पारा ४५ वर होता. माझं घर चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी आत धग सोडायला लागतो, म्हणजे कणीक मळायची वेळ आणि घर सगळ्यात तापायची वेळ एकच. पंखा लावला तर गॅस फडफडतो. कूलर हॉलच्या खिडकीत, त्याची हवा ओट्यापर्यंत येत नाही. वीस पोळ्या म्हणजे पाऊण तास तव्यासमोर. मागच्या मे महिन्यात पोळी लाटता लाटता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओटा धरून खाली बसले. तेव्हापासून एप्रिल ते जून आमच्याकडे रात्री तवा चढत नाही. भात सकाळी सहालाच करून ठेवते. रात्री त्यात ताक, वरून जिरं-मिरची-कढीपत्त्याची फोडणी, सोबत कैरीचा तक्कू, काकडी, भाजलेला पापड. सगळे पोटभर जेवतात. यात आळस कुठे दिसला?

पुणेरी_काका
ताई, तब्येतीचं वाचून वाईट वाटलं. पण शब्द मागे घेत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन गरम घास मिळावेत, एवढंच म्हणणं आहे. आई ६५व्या वर्षापर्यंत चुलीवर करत होती, कधी तक्रार केली नाही.

लातूरची_मावशी
तक्रार केली नाही की तुम्ही ऐकली नाही? माझी आई पण चुलीवरच करायची. पण आमचं माळवदाचं घर होतं. हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचा थर, मे महिन्यात आत गारवा. उन्हाळ्यात चूल परसात, लिंबाखाली. दिवस मावळला की बाहेर वारं सुटायचं, तिथे भाकरी थापायच्या. त्या चुलीशी चौथ्या मजल्यावरच्या ओट्याची बरोबरी करू नका. आणि तिलाही धुरानं रात्रभर खोकला यायचा. म्हातारपणी मला म्हणाली, "मला कधी कुणी विचारलंच नाही गं." हे लिहिताना आजही गळा दाटतो.

दादरकर_रात्रपाळी
४५ चं कौतुक पुरे झालं. मुंबईत ३४ असतं, पण घाम वाळतच नाही. तुमचा कूलर इथे कुचकामी, हवेतच इतकं पाणी की गारवा येणार कुठून? आमची खोली १० बाय १२, त्यातच ओटा, त्यातच पलंग. तरी माझी बायको रोज पोळ्या करते.

वऱ्हाडची_लेक
कौतुक? दुपारी बारानंतर इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही, दादा. एक मे महिना इथे काढा, मग बोला. आणि बायको पोळ्या करते हे अभिमानानं सांगताय, तर त्या वेळी तुम्ही कुठे असता?

दादरकर_रात्रपाळी
कामावर. माझं नाव वाचा आधी.

पॅथॉलॉजीवाली
भांडणात एक गोष्ट सुटतेय. सकाळी सहाचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर? ताई, हे आधी बंद करा. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, त्यांचं एक विष फोडणी देऊनही जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुमच्याकडच्या उन्हात तर तासाभरातच आत जायला हवं. माझ्या घरी एकदा फोडणीच्या भातानं चौघांना रात्रभर उलट्या झाल्या. लेकाला सलाइन लावावं लागलं.

वऱ्हाडची_लेक
आमचा भात आजवर आंबला नाही. पण तुमच्या लेकाचं वाचून धस्स झालं. बरं, यापुढे परातीत पसरून निववेन आणि लगेच फ्रीजमध्ये. ताकभात मात्र सोडणार नाही.

पुणेरी_काका
म्हणजे शिळ्या भाताबद्दल मी बरोबरच होतो.

लातूरची_मावशी
तुम्ही शिळं म्हणालाच नव्हता, आळस म्हणाला होता! कुकरला ताजा भात लावला तरी तीन शिट्ट्यांत गॅस बंद होतो. पोळ्यांचा पाऊण तास तरी वाचतोच.

जळगावचा_कळणा
मूळ दुखणं स्लॅबचं आहे, त्यावर कुणी का बोलत नाही? आम्ही गच्चीला चुना मारला. आधी रात्री दहाला छताला हात लावला तर चटका बसायचा, आता कोमट लागतं. पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरतं, एवढंच शास्त्र. अहमदाबादेत २०१३ पासून उष्णतेच्या लाटांना तोंड द्यायचा आराखडा आहे, तिथेही गरीब वस्त्यांची छपरं पांढरी केली.

दादरकर_रात्रपाळी
पावसाळ्यात वाहून जातो तो.

जळगावचा_कळणा
जातो. दर मार्चमध्ये परत मारायचा. एका रविवारचं काम आहे.

वऱ्हाडची_लेक
आमच्या सोसायटीत तीन वर्षं हेच मागतेय. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, आम्हाला गरम होत नाही, आम्ही वर्गणी का द्यावी? गच्चीवर लग्नाचं जेवण घालायला मात्र सगळे येतात. तो एक खर्च मंजूर झाला असता तर मी कदाचित पोळ्याही केल्या असत्या.

पॅथॉलॉजीवाली
आमच्याकडे हिरव्या जाळीवर भागवलंय. फरक पडतो, पण वारा लागायला जाळी छतापासून उंच बांधायला हवी.

जळगावचा_कळणा
जाळी दोन उन्हाळ्यांत फाटते. चुनाच बरा.

पुणेरी_काका
आमचा फ्लॅटही सगळ्यात वरचा आहे. सौ. संध्याकाळी स्वयंपाकघरात जायला कंटाळते. मला ते वयाचं वाटत होतं, स्लॅबचं डोक्यात आलं नाही. चुना कसा मारायचा?

जळगावचा_कळणा
कळीचा चुना लोखंडी पिंपात रात्रभर भिजवा. प्लास्टिकच्या बादलीत नको, पाणी पडताच उकळतो. डोळे सांभाळा. सकाळी गाळून थोडा फेविकॉल घाला, झाडून-धुतलेल्या गच्चीवर कुंच्यानं दोन हात. दुसरा हात पहिला वाळल्यावर.

वऱ्हाडची_लेक
मारा, काका. पण 'आळस' या शब्दाचं काय?

पुणेरी_काका
मे महिन्यापुरता मागे घेतो. जूनमध्ये पाऊस पडला की पोळ्या सुरू करा.

वऱ्हाडची_लेक
पाऊस पडल्यावर मी बघीन.